हेवी लायसनचा बाजार



कापसाचा भाव, ज्वारीचा भाव सोडून आम्ही या अंकात ट्रकच्या लायसनवर लिहायला बसलो, याचे काहींना नवल वाटेल. वाटू द्या. मालेगाव, नांदगाव, येवला, चांदवडच्या कोरडवाहू गावांत बैठकीला गेले आणि "थोरला काय करतो?" असे विचारले, की उत्तर येते, "गाडीवर हाये." शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटल्या, की पुढे मेपर्यंत रानात काम नाही. नेमके याच महिन्यांत निफाड-दिंडोरीची द्राक्षे निघतात, उन्हाळ कांदा निघतो, उसाचे गाळप चालू असते. आमचे रान रिकामे होते तेव्हा रस्ता भरलेला असतो. म्हणून पोरगा आडगावच्या ट्रक टर्मिनलवर कुणाच्या तरी गाडीवर क्लीनर म्हणून चढतो. दोन-तीन वर्षांत रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग देतो. आणि एक दिवस घरी फोन येतो, "आबा, हेवी काढायचंय, पैसे पाठवा."

या फोनमधला शब्द बघा. 'हेवी शिकायचंय' असे तो म्हणत नाही. 'काढायचंय' म्हणतो. सातबारा काढतात, उत्पन्नाचा दाखला काढतात, तसे लायसन काढायचे. आणि आबाही विचारत नाही की बाबा, शिकलास का? आबा विचारतो, "एजंट किती घेतो?"

आमचे भांडण या शब्दाशी आहे. ट्रकचे लायसन हे कोरडवाहू घराचे दुसरे पीक होऊ शकते. पण आपण ते बोगस बियाण्यावर घेत आहोत, आणि सरकारने अशी व्यवस्था करून ठेवली आहे की खरे बियाणे शोधायला निघालेला माणूसही शेवटी त्याच दुकानात पोचतो.

कायद्यात काय लिहिले आहे ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. माल वाहणारी गाडी चालवायला वय वीस पूर्ण हवे. त्याआधी हलक्या वाहनाचे लायसन घेऊन एक वर्ष झालेले हवे. डॉक्टरचा दाखला हवा. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र हवे. शिकाऊ लायसन मिळून तीस दिवस झाले की चाचणी देता येते, आणि ती चाचणी ज्या वर्गाचे लायसन पाहिजे त्याच वर्गाच्या गाडीवर द्यावी लागते. केंद्राच्या नियमांत शिकाऊ लायसनची फी १५० रुपये, चाचणीची ३००, जुन्या लायसनमध्ये नवा वर्ग चढवण्याची ५००. कागदावर यात चूक काढायला जागा नाही. आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. कागदावर बिनचूक आणि बांधावर निरुपयोगी अशा शिफारशी कशा असतात हे आम्हाला नवे नाही.

आता एकच प्रश्न विचारा. ट्रक कुणाचा?

चाचणी ट्रकवर द्यायची, सराव ट्रकवर करायचा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात फार तर ट्रॅक्टर असतो, तोही कर्जाचा. लाखो रुपयांची गाडी कुठला मालक शिकाऊ पोराच्या हातात देईल? तालुक्याच्या गावातल्या बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलकडे दोन ब्रेकची एखादी जुनी मोटार असते, तीवर मास्तर आणि व्यापाऱ्यांची पोरे शिकतात. ज्या स्कूलकडे ट्रक आहे त्याचा ट्रक किती तास रस्त्यावर शिकवायला फिरतो आणि किती वेळा फक्त चाचणीच्या मैदानात जातो, हे पोरांनाच विचारा. आम्ही विचारले. एका बैठकीत म्हटले, ज्याच्याकडे हेवी आहे त्याने हात वर करावा. बरेच हात वर आले. मग म्हटले, चाचणीच्या दिवशी रिव्हर्स घेऊन दाखवावा लागला त्याने हात वर ठेवावा. मंडपात हशा पिकला आणि हात खाली आले. एकाने सांगितले, "पहिल्यात उचलली, दुसरा टाकला, तेवढ्यात साहेब म्हणाले उतर."

शिकवायला कुणी नाही, गाडी कुठे नाही, पण प्रमाणपत्र मात्र सक्तीचे आहे. अशा जागी एजंट उगवला नाही तरच नवल. प्रमाणपत्र त्याच्याकडे, डॉक्टरची सही त्याच्याकडे, चाचणीपुरता ट्रक त्याच्याकडे. सरकारी फीच्या किती पट तो घेतो हे लिहायची गरज नाही, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी कापूस विकून ते मोजले आहे.

शहाणपणाचा आव आणून गरिबाची वाट अडवायची खोडही सरकारला आहे. २००७ साली नियम आला की माल वाहणाऱ्या गाडीचे लायसन हवे असेल तर आठवी पास पाहिजे. आठवीच्या दाखल्याने क्लच कसा दाबतात ते कळते, हा शोध कुणी लावला कोण जाणे! वेचणीच्या दिवसांत शाळा बुडाली, बुडता बुडता सुटली, अशी आमच्या गावागावांतली पोरे त्या एका ओळीने बाहेर राहिली. ही अट बारा वर्षे चालली. २०१९ साली केंद्राने ती काढली. हरियाणा सरकारने मेवातच्या गरीब, कमी शिकलेल्या माणसांसाठी तशी मागणी केली होती, आणि देशात २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत असे खुद्द मंत्रालयच सांगत होते. मेवातच्या माणसांचे आम्ही आभारी आहोत. अट काढताना केंद्राने असेही सांगितले की शिक्षणाची अट गेली तरी प्रशिक्षण आणि चाचणी कडक राहील. २०२१ साली मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियमही आले. मध्यम आणि जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. तिथे शिकून उत्तीर्ण झाला तर परिवहन कार्यालयातली चाचणी माफ. अभ्यासक्रम चांगला आहे. पण असे केंद्र काढायला जड वाहनांसाठी किमान दोन एकर जागा, चाचणीचा ट्रॅक, नकली स्टिअरिंगवर सराव करण्याचे यंत्र, इतके सगळे लागते. दोन एकर पडीक आमच्याकडे पुष्कळ आहे, बाकीचे कुठून आणायचे? आणि केंद्र शहराजवळ निघाले तर नांदगावच्या पोराने सहा आठवडे राहायचे कुठे, खायचे काय, याला नियमात ओळ नाही.

इथे आमचेच काही जुने सहकारी आम्हाला अडवतात. म्हणतात, "तुम्ही लायसन-परमिट राजच्या विरोधात आयुष्य घातले आणि आता लायसन कडक करा म्हणता?" अडवतात ते बरे करतात, कारण फरक समजून घेतला पाहिजे. कापूस कुठे विकायचा याला परवानगी मागायला लावणे हा जुलूम होता. माझा कापूस मी कुठेही विकला तर कुणाचे हाड मोडत नाही. अठरा टनांची गाडी घेऊन मी उतारावरून निघालो, तर समोरून मोटरसायकलवर येणारा शेतकरी, मागे बसलेली त्याची बायको आणि पुढे टाकीवर बसलेले पोर यांचा जीव माझ्या पायाखाली असतो. त्यांनी माझ्याशी कुठला करार केलेला नाही. त्यांच्या वतीने कुणीतरी तपासले पाहिजे की या माणसाला गाडी थांबवता येते. सरकारने करायच्या ज्या थोड्या गोष्टी आम्हाला मान्य आहेत, त्यातली ही एक. आणि नेमकी तीच ते करत नाही.

बियाण्याच्या पिशवीचे उदाहरण घ्या. लेबलवर उगवणशक्ती छापलेली असते. लेबल खोटे निघाले तर आपण तालुक्याला मोर्चा नेतो, पंचनामा मागतो, नुकसानभरपाई मागतो. नेलाच पाहिजे, मागितलीच पाहिजे. लायसन हेही लेबलच आहे. या माणसाच्या हातात इतकी विद्या आहे, असे त्यावर छापलेले असते. फरक एवढाच की बोगस बियाणे आपल्याला फसवून विकतात आणि बोगस लायसन आपण जाणूनबुजून, घासाघीस करून विकत घेतो. घरचे ज्वारीचे बी पेरायचे तरी आपण आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती मोड आले ते मोजतो. पोराला गाडीवर पाठवताना ते गोणपाट कुठे जाते?

त्याला काय येत नाही ते आम्ही सांगतो. चांदवडहून मालेगावकडे जाताना राहुडचा घाट आहे, मुंबईकडे कसाऱ्याचा. भरलेली गाडी घाट चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची असते, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ज्याला हे कुणी शिकवले नाही, तो डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतो आणि ब्रेकवर पाय ठेवून बसतो. ब्रेकचे ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो, आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. पाय शेवटपर्यंत दाबलेला, आणि गाडी चाललेली. शिवाय मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवा भरेपर्यंत थांबायचे, काट्याकडे बघायचे, आणि उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक मारून हवा संपवायची नाही, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. पण ती पाच मिनिटे त्याच्या वाट्याला आलेली नसतात. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते, 'ब्रेक निकामी झाल्याने'. बिचाऱ्या ब्रेकला वकील नसतो.

आपल्या मालाचीही एक तऱ्हा आहे. सुटा कापूस वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य. काटा कमी दाखवतो म्हणून पोरगा निर्धास्त राहतो, पण गाडीचा तोल वर गेलेला असतो. वळणावर वेग ठेवला की ती डोलते. ज्वारीची पोती खाली बसतात, कापूस बसत नाही. टँकर अर्धा भरलेला असेल तर आतले द्रव ब्रेक मारल्यावर पुढे आदळते. एकच लायसन, पण प्रत्येक मालाचा हात वेगळा. हे चाचणीत विचारायला हवे. आज विचारतात ते गाडी जागची हलते का एवढेच.

हे झाले जिवाचे. आता जमिनीचे ऐका, कारण जिवापेक्षा जमिनीच्या गोष्टीला आपण लवकर कान देतो.

आज गावोगाव शेतकऱ्यांनी बँकेकडून, फायनान्सकडून कर्ज काढून गाड्या घेतल्या आहेत. बाप मालक, पोरगा नाहीतर भाचा ड्रायव्हर. विमा उतरवलेला, म्हणून सगळे निश्चिंत. पण चालवणाऱ्याकडे त्या वर्गाचे वैध लायसन असावे, ही विम्याच्या करारातली अट असते. ती मोडली असेल तर अनेक प्रकरणांत न्यायालय कंपनीला सांगते, मेलेल्या माणसाच्या वारसांना आधी तू पैसे दे आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल कर. गाडीमालक म्हणजे तुमचा आबा. वसुली कशातून होणार? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात मालकाला एक आधार दिला आहे: मालकाने वाजवी काळजी घेतली होती की जाणूनबुजून अट मोडली, हे कंपनीने सिद्ध करायचे. ज्याने ड्रायव्हर ठेवताना लायसन पाहिले, खरे वाटले म्हणून ठेवला, त्याला हा आधार मिळू शकतो. ज्याने स्वतः एजंटाला पैसे देऊन पोराचे खोटे लायसन बनवले, तो कुठल्या तोंडाने वाजवी काळजी सांगणार? आणि २००१ सालच्या निकालाने हेही स्पष्ट आहे की मुळात बनावट असलेले लायसन नूतनीकरण केल्याने खरे होत नाही. दंडाचे तर सोडाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन चालवणाऱ्याला ५,००० आणि त्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकालाही ५,००० रुपये दंड आहे. तो भरता येईल. दुसरी रक्कम एकरांत मोजावी लागते.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, तीही नीट समजून घ्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की ज्याच्याकडे हलक्या वाहनाचे लायसन आहे, तो ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची माल वाहणारी गाडी त्याच लायसनवर चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती, पिकअप या गाड्या त्यात बसतात. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक भरता येणारा माल; ते गाडीच्या आरसी पुस्तकात लिहिलेले असते, तिथे बघा, शेजाऱ्याला विचारू नका. ७,५०० च्या वर गेलात की मध्यम, १२,००० च्या वर गेलात की जड. सहा टायरची मोठी गाडी आणि दहा टायर या निकालात बसत नाहीत. "कोर्टानं सगळं मोकळं केलं" असे पारावर बोलले जाते, ते खोटे आहे.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. "आपल्या पोरांनी ड्रायव्हर व्हायचे का?" हा प्रश्न बैठकीत हमखास येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या आवाजात एक तुच्छता असते. पोरगा पंचायत समितीत शिपाई झाला तर पेढे वाटायचे आणि दहा टायर चालवायला लागला तर मुलगी द्यायला कुणी तयार नाही! १ जानेवारी २०२४ आठवा. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली होती. त्याविरुद्ध ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडले. आपल्याच जिल्ह्यातल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून टँकर हलले नाहीत. दोन दिवसांत पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या आणि दुसऱ्या दिवशी रात्री केंद्राला सांगावे लागले की चर्चा केल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम वगळूनच झाली. ड्रायव्हरच्या कामाची किंमत त्या दोन दिवसांत सगळ्यांना कळली. पण एक ध्यानात ठेवा, दहा वर्षांचे पोटकलम थांबले तरी निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत असलेली कैद आता पाच वर्षांपर्यंत झाली आहे. विकतच्या लायसनवाला तिथे काय सांगणार?

आणि हा धंदा आपल्या मालाशी बांधलेला आहे. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे एकाधिकार खरेदीच्या नावाखाली आपला कापूस राज्याबाहेर जाऊ दिला नाही, सीमेवर गाड्या अडवल्या. त्याविरुद्ध शेतकरी लढला. ती बंदी आज नाही. पण मोकळीक मिळून आपण काय केले? व्यापारी खेडा खरेदीला गाडी घेऊन दारात येतो, काटा त्याचा, गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, म्हणून भावही त्याचा. दहा घरांचा कापूस एका गाडीत भरून ज्या जिनिंगला चार पैसे जास्त आहेत तिथे न्यायचा, तर गावात गाडी आणि भरवशाचा चालक पाहिजे. तो चालक आपल्या घरातलाच असेल तर घरी बसून पडेल भावात विकायची पाळी येत नाही. पोरींनीही मागे का राहावे? २०२३ साली सिन्नर-नाशिक मार्गावर एसटीची गाडी बाईने चालवली. एसटीची बस म्हणजे काही छोटा हत्ती नव्हे.

(सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे केले आहे. चांगले झाले. मालेगावच्या मे महिन्यात कापूस उपटलेल्या रानापेक्षा केबिन बरी, एवढे तरी पोरे म्हणतील.)

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकवण्यासाठी जड वाहन ठेवा. त्यावर एसटीतले निवृत्त चालक उस्ताद म्हणून नेमा; घाटात लाखो किलोमीटर गाडी चालवून एक ओरखडा न आलेली माणसे आपल्या गावांत निवृत्तीवेतनाच्या नावाने बोटे मोडत बसली आहेत. चाचणीसाठी गाडी सरकारने पुरवावी, म्हणजे एजंटाचा निम्मा धंदा तिथेच बसतो. चाचणीत रिव्हर्स, चढावर थांबवून पुन्हा उचलणे आणि भरलेल्या गाडीचा उतार असावा. तारखा तालुक्याला फलकावर लागाव्यात. नापास करायचे तर करा, पण काय चुकले ते लेखी द्या.

सरकार हे करेपर्यंत वाट बघत बसायचे नाही. पाच-सहा घरांनी मिळून ड्रायव्हिंग स्कूलशी सरळ सौदा करावा: पैसे प्रमाणपत्राचे देणार नाही, तासांचे देऊ, किती तास पोरगा खरोखर ट्रकच्या स्टिअरिंगवर बसला त्याची वही आम्ही ठेवू. शिकाऊ लायसन, 'एल'ची पाटी आणि शेजारी लायसन असलेला जाणता माणूस, या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय पोराच्या हातात गाडी द्यायची नाही. ज्यांच्याकडे लायसन आहे त्यांनी मुदत बघावी. जड वाहनाचे लायसन २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचे असते, आधी तीन वर्षांचे होते, आणि मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आरसी पुस्तक, विम्याचा कागद आणि चालवणाऱ्याचे लायसन, तिन्हींच्या झेरॉक्स आणाव्यात. मंडपाच्या दाराशी एक टेबल मांडलेले असेल. वजन, वर्ग आणि मुदत तिथे ताडून बघू. ज्याचे जुळत नसेल त्याची गाडी, ते जुळेपर्यंत, दुसऱ्याच्या हातात द्यावी.